तळातल्या पाण्याची चव

चाख्या मिस्त्रीने भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बायकोला घराबाहेर काढलं, ही बातमी धक्क्यावर आली तेव्हा ती नुसती कुजबुज होती. जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका मान खाली घालून एकमेकींना सांगायच्या आणि कोणी पुरुष जवळून गेला की एकदम जाळ्याच्या भोकांत फार रस घ्यायच्या. पुढे ती कुजबुज राहिली नाही. बर्फाच्या कारखान्यापर्यंत जाईस्तोवर मिस्त्रीने ताट भिरकावलं होतं, डिझेलच्या पंपावर पोचेस्तोवर ते तिच्या कपाळाला लागलं होतं, आणि बाजाराच्या तोंडाशी आली तेव्हा टाकेही पडले होते. ताट, कपाळ आणि टाके लोकांनी पदरचे घातले. मूळ बातमी एवढीच, की मिठावरून भांडण झालं आणि बाई गेली.

असली बातमी मला आवडते, खोटं कशाला बोलू? संसार मोडल्याची नेहमीची कारणं ऐकून कान किटतात. दारू, सासू, दुसरी बाई. मीठ हे कारण ताजं होतं. आणि लोकांनी ते इतक्या खुशीने मानलं, कारण ज्याच्याबद्दल ते होतं त्या माणसाचं पोटच जिभेवर चालायचं.

तो बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून त्याची पत्र्याची शेड होती. पलीकडच्या गारव्याने ती भिंत बारा महिने घामेजलेली असायची. खिळ्यांना जुनी गॅस्केटं टांगलेली, बाकावर चिंध्यांचा ढीग, आणि प्रत्येक वस्तूवर तेलाचा असा थर की माशी बसली तर पाय सोडवायला तिला वेळ लागावा. इंजिन खोलणारे, जोडणारे धक्क्यावर आणखीही होते. पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला हाच लागायचा.

शोधायची त्याची रीत अशी. आधी बोट धक्क्याला करकचून बांधायची आणि इंजिन सुरू करायचं. मग हा एक लांब स्क्रूड्रायव्हर घेणार, त्याचं पातं इंजिनावर टेकवणार आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटणार. त्या वेळी कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही. एकदा एका बोटवाल्याला शिंक आली तर म्हणाला, "आता हा आवाज कुणाचा, तुझा की पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचा, ते मला परत पहिल्यापासून बघावं लागेल." पट्टा ओला झाला की किंचाळतो, बेअरिंग गेलं की खरखरतं, तेल कमी पडलं की वर टकटक होते. आवाज नुसतं इंजिन चालताना येतो की गिअर टाकल्यावरच येतो, हे तो सगळ्यात आधी बघायचा. गिअर टाकल्यावरच येत असेल तर इंजिनाला सोडा आणि मागे पंख्याच्या शाफ्टकडे जा, असा त्याचा हिशेब.

पाण्याची रीत त्याहून साधी आणि बघणाऱ्याला जास्त किळसवाणी. बोटीच्या तळात पाणी साचलेलं असतं, काळं, वर डिझेलचे सप्तरंग. मिस्त्री वाकायचा, वरचा तवंग फडक्याने बाजूला सारायचा, खाली बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. मग बाजूला थुंकायचा आणि निकाल द्यायचा. खारट असेल तर समुद्र आत येतोय. पाइप, पंप किंवा शाफ्टची जागा बघा. गुळमट आणि जिभेला बुळबुळीत लागलं तर इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय. नुसतंच अळणी असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी, नाहीतर पाऊस. या चाखण्यावरूनच त्याचं नाव चाख्या पडलं. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे चाख्या. त्याला ते माहीत होतं आणि आतून त्याचा त्याला थोडा माजही होता. चाख्या बोटीवर असताना दुसऱ्या कोणी त्या पाण्याला तोंड लावायचं नाही, असा धक्क्यावर अलिखित नियमच होऊन बसला होता. वकिलासमोर आपण कलमं सांगत नाही, तसं.

बायको त्याच्या अगदी उलट. दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते राहायचे. मूलबाळ नव्हतं. खालून डांबराचा वास वर यायचा आणि स्वयंपाकघराची खिडकी शेजारणीच्या स्वयंपाकघरात उघडायची, त्यामुळे शेजारणीला करमणुकीचं दुसरं साधन लागत नसे. बाई हसरी, मोठ्याने बोलणारी. नवऱ्याने घरात पाऊल टाकलं की म्हणायची, "आधी चूळ भरा. कुठल्या कुठल्या बोटीचं पाणी घेऊन आलाय कोण जाणे." तिला एकच भाऊ, पाठचा. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलेला. त्याने हप्त्याहप्त्याने जुनी बोट घेतली तेव्हा ती धक्क्यावर जाऊन बोटीला हात लावून आली आणि घरी येऊन रडली. आनंदाने, असं तिचं म्हणणं.

मग एका थंडीत मिस्त्रीला ताप आला. ताप साधाच होता. आला, अंग मोडून काढलं आणि गेला. पण जाताना त्याची चव घेऊन गेला.

पहिल्या दिवशी तो ताटावरून म्हणाला, "मीठ नाही यात."

बायकोने मीठ वाढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी तिने स्वतः चाखून बघितलं आणि म्हणाली, "अहो, खारट झालीय."

"मग मला का नाही लागत?"

"तोंड कडू झालंय तापाने. येईल."

नाही आली. ती दोन भांड्यांत भाजी करू लागली, एक स्वतःसाठी आणि एक त्याच्यासाठी, मूठ सैल सोडून. तरी त्याची कुरकुर चालूच, आणि आवाज चढलेला. शेजारीण खिडकीतून हे सगळं ऐकत होती. "मीठ नाही यात" हे वाक्य तिने जिन्यापर्यंत नेलं आणि जिन्याने पुढे नेलं.

एका सकाळी बायकोने काय केलं, त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. चांगलं दोन चमचे. तो वर्तमानपत्र वाचत सगळा चहा प्यायला आणि कप पुढे करून म्हणाला, "आहे का अजून थोडा?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. ही गंमत ती पुढे शेजारणीला सांगणार होती. ती राहूनच गेली.

"तुम्ही धक्क्यावर काय करता मग?" तिने विचारलं. "पाणी कसं ओळखता?"

मिस्त्री वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. घडी घालून झाली तेव्हा म्हणाला, "अंदाजाने."

डॉक्टर म्हणाले होते, येईल, वेळ लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तोवर काय? चव गेलेला चाख्या म्हणजे धक्क्यावर वर्षभराचा विनोद झाला असता, आणि विनोद झालेल्या माणसाच्या हातात कोणी इंजिन देत नाही. हे त्याचं म्हणणं. ती म्हणाली, सांगून टाका, लोक चार दिवस हसतील. तो म्हणाला, लोक मला बोलावतात ते या जिभेसाठी. शेवटी दोघांनी मिळून एक युक्ती काढली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तो खिशात ठेवू लागला. बोटीवर नेहमीसारखं बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि म्हणायचं, "उद्या सांगतो, जरा आवाजाशी ताळा जुळवून बघतो." मग सगळ्यांची नजर चुकवून बाटलीत पाणी भरून घरी आणायचं. बायको ते ओट्यावर ठेवायची, नाक धरून थेंबभर चाखायची आणि सांगायची, "खारट." किंवा, "बुळबुळीत. तुमचं ते कूलंट असेल." मग खळखळून चुळा भरायची. असे कित्येक आठवडे गेले. तिच्या जिभेवर धक्क्यावरच्या बोटी दुरुस्त होत होत्या आणि नाव त्याचं होत होतं. याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. चेष्टा मात्र केली. "मला चाखी म्हणा आता," म्हणायची.

पण "उद्या सांगतो" हे प्रत्येक बोटीला चालत नाही. तिच्या भावाच्या बोटीला चाललं नाही.

मासळी जोरात लागली होती. भावाने बर्फ भरून घेतला होता, दोघे खलाशी बोटीवर येऊन बसले होते, आणि शेजारच्या बोटी एकेक करून सुटत होत्या. तो शेडच्या दारात आला.

"दाजी, दोन तक्रारी आहेत."

"तुझ्या बहिणीबद्दल असतील तर रांगेत उभा राहा. माझ्या आधीच्या आहेत."

"बोटीबद्दल. गिअर टाकला की मागून घरघर येते, म्हातारा माणूस कफ काढतो तशी. आणि तळात पाणी येतंय."

"किती?"

"पंप लावला की जातं आणि परत येतं. पाहुण्यांसारखं."

मिस्त्री बोटीवर गेला. इंजिन सुरू केलं, नुसतं चालवून ऐकलं. साफ होतं. गिअर टाकला, आणि घरघर आली. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला, एकेका जागी टेकवत मागे मागे गेला आणि इंजिनाच्या मागच्या डाव्या पायाशी थांबला. पायाचा बोल्ट ढिला होता. इंजिन गिअरमध्ये जरा तिरकं बसत होतं आणि थरथरत होतं. कान शाबूत होते. हे निदान बरोबर होतं.

आता प्रश्न पाण्याचा. इंजिन शाफ्टला फिरवतं, आणि शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जाऊन पाण्यातला पंखा फिरवतो. म्हणजे तळाला एक भोक मुद्दाम ठेवावंच लागतं. त्या भोकातून समुद्र आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती पॅकिंग ठासलेलं असतं. इंजिन तिरकं बसलं की शाफ्ट वाकडा फिरतो आणि ते पॅकिंग कुरतडत जातो. तेव्हा तळातलं पाणी खारट असेल, तर घरघर आणि पाणी ही एकच तक्रार होती. बोट वर ओढून शाफ्ट खोलायला हवा होता. पाणी गोडं असेल, तर दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. बोल्ट आवळायचा आणि निघायचं. सगळं त्या एका थेंबावर होतं, आणि ते मिस्त्रीइतकं धक्क्यावर कोणाला ठाऊक नव्हतं.

तो वाकला. तवंग सारला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. काही नाही. कापूस चोखावा तसं.

पिण्याच्या पाण्याची टाकी तिथेच वरच्या बाजूला होती आणि तिचा पाइप ओला दिसत होता. तळ कोरडा करून, फडकं टाकून, पाणी कुठून झिरपतं ते बसून बघायला अर्धा दिवस लागला असता. आणि चाख्या फडकं टाकून बसलाय हे बघायला धक्का जमला असता. बाटली खिशात होती, पण घरी जाऊन यायलाही भाऊ थांबणार नव्हता.

"काय हो दाजी?"

"गोडं आहे," मिस्त्री म्हणाला. "टाकीचा पाइप. क्लिप बदल."

भावाने सवयीनेच खाली वाकून स्वतःचं बोट पाण्यात बुडवलं होतं. ते तोंडाजवळ नेलंही होतं. पण दाजी बोलून चुकले होते. त्याने बोट पँटला पुसलं आणि क्लिप शोधायला गेला. मिस्त्री त्याच्याकडे बघत होता. तू पण चाखून बघ, एवढंच म्हणायचं होतं. तो बोल्ट आवळायला बसला.

बोल्ट आवळल्यावर घरघर बरीच कमी झाली. भाऊ खूश होऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला दुसऱ्या बोटीने आणलं. पॅकिंग बाहेर समुद्रात एकदम सुटलं होतं. पाणी इंजिनावर चढलं, इंजिन बंद पडलं, इंजिनावर चालणारा पंपही बंद पडला. मग बोट एका कुशीवर झाली आणि गेली. खलाशी धड होते. भाऊ दुसऱ्या बोटीवर चढताना दोन्ही बोटींच्या मध्ये सापडला आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा काही परत वाकला नाही. बोट गेली, पाय गेला, आणि धक्क्यावर नावही गेलं. लोक म्हणाले, पोरगं निष्काळजी. तळात पाणी भरेपर्यंत झोपला होता की काय. गंमत अशी की त्यालाही तेच वाटायचं. पलंगावर पडल्या पडल्या येईल त्याला सांगायचा, "दाजींनी बोट तपासून दिली होती. मीच पंप वेळेवर लावला नसणार. घाईत होतो."

घरी बायकोने नवऱ्याला एकच विचारलं, "बाटली आणली नाहीत त्या दिवशी?"

"वेळ नव्हता."

"मग काय सांगितलंत त्याला?"

त्याने सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांगा. बोट परत येणार नाही, पाय येणार नाही. पण तो स्वतःला खातोय, ते तरी थांबेल."

"तूच सांग."

"मी का सांगू? त्या दिवशी मी चाखलं होतं?"

तो कबूल झाला. दोघं भावाकडे गेले. ती मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मिस्त्री पलंगाजवळच्या खुर्चीवर बसला. गुडघ्यावरच्या पट्टीकडे बघितलं, औषधांच्या बाटल्या उचलून त्यांवरची नावं वाचली.

"दाजी, चुकलंच माझं," भाऊ म्हणाला. "तुम्ही एवढं बघून दिलंत."

"होतं असं," मिस्त्री म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

आणि उठला. दारात चपला घातल्या, मागे वळून बायकोची वाट बघत उभा राहिला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

तो पुढे झाला. ती आली नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. भाऊ लंगडत का होईना चालू लागला, गोदामावर पहारेकरी म्हणून बसला, आणि ती त्याच्याचकडे राहून त्याचं सगळं करत राहिली. मिस्त्री अधूनमधून दुरून दिसायचा. वाट सोडून जायचा.

वर्षभराने म्हणे त्याची चव परत आली. एका दुपारी शेडमध्ये, स्वतः शिजवलेल्या भाजीचा पहिलाच घास त्याला थुंकावा लागला, इतकी ती खारट होती. त्यानंतर त्याने पुष्कळ वर्षं काम केलं आणि त्याचं निदान कधी चुकल्याचं ऐकिवात नाही. शेवटपर्यंत लोक त्याला बोलावत राहिले आणि शेवटपर्यंत मिठावरून त्याला चिडवत राहिले. "मिस्त्री, आज भाजी कशी होती?" असं ओरडून विचारायचे. तो रागवायचा नाही. मान हलवून हसायचा, ते मला तेव्हाही जरा चमत्कारिक वाटायचं. इतर कशावरही तो माणूस हसत नसे.

आता मिस्त्री नाही. तिचा भाऊही नाही, आणि तो मरेपर्यंत पंप आपणच लावला नाही असं समजत होता; ते सांगायचं काम नवऱ्याचं, म्हणून बाईनेही सांगितलं नाही. बाई आहे. ती माझ्या बायकोच्या नात्यातली, अजून तशीच मोठ्याने बोलते. हे सगळं तिने मला सांगितलं. मिठाची ती गोष्ट गावात पसरली कशी, हे मात्र तिला माहीत नव्हतं. ते धक्क्यावरच्या चहावाल्याला माहीत होतं.

मिठावरून काही झालं नव्हतं. मिस्त्रीला चव लागत नव्हती, ते त्याने लपवलं, त्यामुळे बोट बुडाली, आणि ते त्याने मेहुण्याला सांगितलं नाही म्हणून बायको त्याला सोडून गेली. ती का गेली असं चहावाल्याने विचारलं, तेव्हा मिठावरून भांडून मीच तिला काढली, असं मिस्त्रीने स्वतःच सांगितलं होतं.